'प्रार्थना' आणि 'अप्रीती' : ब्रिटिश काळातील इंग्रजी गाऱ्हाण्याची लेखनरीती

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातील संस्थांनी आणि व्यक्तींनी इंग्रज सरकारकडे जे अर्ज पाठविले, त्यांपैकी बहुतेकांचा शेवट एका ठरीव इंग्रजी वाक्याने होतो. 'अँड युअर पिटिशनर्स, ॲज इन ड्यूटी बाउंड, विल एव्हर प्रे.' अर्जदार आपल्या कर्तव्यास अनुसरून सदैव प्रार्थना करीत राहतील, असा त्याचा शब्दशः अर्थ. पुढील पिढीतील जहाल राजकारण्यांना या वाक्यात लाचारी दिसली आणि 'भिक्षांदेही'चे राजकारण म्हणून त्यांनी त्याची थट्टा केली. अलीकडच्या पाठ्यपुस्तकांतही मवाळांचे 'अर्ज-विनंत्यांचे' राजकारण एका ओळीत उरकले जाते.

या वाक्याची दुसरी बाजू मात्र सहसा पाहिली जात नाही. इंग्रजी राज्यपद्धतीत तीव्र तक्रार लेखी मांडण्याची एक विशिष्ट चौकट होती आणि हे वाक्य त्या चौकटीचा आवश्यक भाग होते. ते असेल तर कागद 'पिटिशन' ठरे, नसेल तर तो नुसता निषेध ठरे. निषेधाचा कागद स्वीकारण्याचे बंधन कोणावरही नव्हते. चौकटीच्या आत राहून सरकारला अत्यंत कठोर बोल सुनावता येत असत. चौकटीबाहेर, विशेषतः मराठीत, तीच गोष्ट लिहिणाऱ्यास तुरुंगाची वाट दिसे. ही रीत महाराष्ट्रातील लेखकांनी कशी आत्मसात केली, तिच्यातून काय साधले आणि ती कोठे अपुरी पडली, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मराठीतील गाऱ्हाणे

इंग्रजी येण्यापूर्वी मराठी माणसापाशी तक्रारीची भाषा नव्हती असे नव्हे. 'अर्ज', 'फिर्याद', 'तक्रार', 'दाद' हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत रुळले. त्यांचे मूळ अर्थ पाहण्यासारखे आहेत. 'अर्ज' म्हणजे पुढे ठेवणे, 'फिर्याद' म्हणजे मदतीसाठी फोडलेली आरोळी, 'दाद' म्हणजे न्याय आणि 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे. (सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणासही हा शेवटचा अर्थ पटेल.) 'गाऱ्हाणे' या शब्दाला तर कोकणात देवघरचा वास आहे. ग्रामदेवतेसमोर उभे राहून गावाच्या वतीने जे मागणे मागितले जाते तेही गाऱ्हाणेच. इंग्रजी 'प्रेयर' हा शब्दही देवापुढील प्रार्थना आणि न्यायालयापुढील मागणी अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. दोन दूरच्या समाजांनी वरिष्ठाकडे दाद मागण्यासाठी देवापुढची भाषा वापरावी, हा योगायोग केवळ शाब्दिक नसावा.

पेशवेकालीन पत्रव्यवहारात 'विनंती ऐसीजे' असे म्हणून मूळ मजकुराला हात घातला जाई. इंग्रजी अर्जातील 'शोएथ' हे जुनाट क्रियापद नेमके हेच काम करते. 'अमुक अमुक यांचा नम्र अर्ज असे दर्शवितो की' एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा इंग्रजी अर्जाचा मायना पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी कारकुनाला त्यातील नम्रता परकी वाटण्याचे कारण नव्हते. नवीन होते ते त्या नम्रतेमागचे कायद्याचे बळ.

चौकटीचा इंग्लंडमधील इतिहास

हे बळ इंग्लंडमध्ये सहजासहजी निर्माण झाले नाही. १६६१ च्या एका कायद्याने वीसपेक्षा अधिक सह्यांच्या अर्जावर बंधने घातली होती आणि अर्ज सादर करण्यासाठी दहापेक्षा अधिक माणसांनी जाऊ नये असे ठरविले होते. १६८८ मध्ये सात बिशपांनी राजा दुसरा जेम्स याच्याकडे अर्ज केला. राजाचा धार्मिक सवलतींचा जाहीरनामा चर्चमध्ये वाचून दाखविण्याच्या सक्तीतून आपल्याला मोकळे करावे, एवढेच त्यांचे मागणे होते. राजाने तो अर्ज राजद्रोहात्मक बदनामी मानला आणि बिशपांवर खटला भरला. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी, १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात, राजाकडे अर्ज करणे हा प्रजेचा हक्क आहे आणि त्याबद्दल कोणासही अटक करणे वा खटला भरणे बेकायदेशीर आहे, असे कलम घातले गेले. अर्ज आणि राजद्रोह यांची गाठ अशी आरंभापासूनच बांधलेली आहे. एकाच कागदाला राजा द्रोह म्हणत होता आणि ज्यूरी अर्ज म्हणत होती.

'रिड्रेस ऑफ ग्रीव्हन्सेस' म्हणजे गाऱ्हाण्यांचे निवारण, हा इंग्रजीतील स्थिर शब्दप्रयोग याच परंपरेतला. आधी गाऱ्हाण्यांचे निवारण, मग राजाला पैशाची मंजुरी, हे पार्लमेंटचे जुने सूत्र होते. अमेरिकेने १७९१ मध्ये आपल्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत हाच शब्दप्रयोग उचलला.

हाउस ऑफ कॉमन्सने अर्जांबाबत जे संकेत ठरविले त्यांत दोन महत्त्वाचे होते. अर्जाची भाषा आदरयुक्त, शिष्ट आणि संयत असावी, आणि अर्जाच्या शेवटी स्पष्ट 'प्रार्थना', म्हणजे नेमकी मागणी असावी. केवळ घोषणा किंवा निषेध असलेला, प्रार्थना नसलेला कागद स्वीकारला जात नसे. या दुसऱ्या संकेताने गाऱ्हाणे मांडणाऱ्याला काय हवे ते सांगण्यास भाग पाडले. नुसता संताप पुरेसा नव्हता. १८४८ मध्ये चार्टिस्टांनी आपल्या तिसऱ्या राष्ट्रीय अर्जावर सत्तावन्न लाख सह्या असल्याचे सांगितले. सभागृहाच्या समितीने मोजणी केली तेव्हा त्या एकोणीस लाख पंचाहत्तर हजारांच्या आसपास भरल्या, आणि त्यांत राणी व्हिक्टोरिया व ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या नावाच्या बनावट सह्याही निघाल्या. चेष्टेचा विषय झाल्या त्या सह्या. बाकीच्या एकोणीस लाखांचे म्हणणे काय होते, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिले. गाऱ्हाणे कितीही खरे असले तरी कागदातील एक खोट ते बुडवू शकते, हा धडा पुढे पुण्यातही गिरविला जाणार होता.

महाराष्ट्रातील उमेदवारी

मराठी माणसाने ही रीत प्रथम शिकली ती लंडनमध्ये. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे ठाण मांडून बसले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेपासून पार्लमेंटच्या सभासदांपर्यंत त्यांनी सर्व दरवाजे ठोठावले. दरम्यान १८४७ मध्ये प्रतापसिंह काशीस वारले आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाले. रंगो बापूजी रिक्त हस्ते परतले. १८५७ च्या साताऱ्यातील कटात त्यांचे नाव आले, त्यांच्या मुलास फाशी झाली आणि ते स्वतः नाहीसे झाले. नियमाबरहुकूम दाद मागण्यात हयातीतील चौदा वर्षे खर्च केल्यानंतर हा मनुष्य कटाकडे वळला, ही घटना अर्जपद्धतीच्या कोणत्याही मूल्यमापनात विसरता येणार नाही.

१८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आदींच्या या संस्थेने कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाच्या तोंडावर पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. पुढे १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि १८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यास आल्यावर अर्जलेखनाला शास्त्राचे रूप आले. सभेने शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची पाहणी केली, १८७५ मध्ये हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये प्रत्यक्ष प्रतिनिधित्व मिळावे म्हणून हाउस ऑफ कॉमन्सकडे अर्ज केला, १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. १८७७ च्या दिल्ली दरबारात सभेचे मानपत्र घेऊन गणेश वासुदेव जोशी गेले ते हाताने विणलेली खादी नेसून. मानपत्राची भाषा दरबारी होती, वेष मात्र तक्रारीचा होता.

रानड्यांच्या वळणाच्या निवेदनांची रचना साधारण ठरलेली असे. आरंभी राजनिष्ठेचे वाक्य. मग राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याचा किंवा सरकारच्याच एखाद्या ठरावाचा उल्लेख. त्यानंतर आकडे, आणि आकडेही शक्यतो सरकारी अहवालांतलेच. मग सरकारचे वचन आणि सरकारचे आकडे एकमेकांसमोर उभे करून निघणारी विसंगती. शेवटी प्रार्थना. या रचनेत विशेषणांना जवळजवळ जागाच नव्हती. 'जुलूम' हा शब्द न वापरता जुलूम सिद्ध करणे, हे तिचे खरे कौशल्य. सरकारला अशी निवेदने गोड वाटत होती असे मात्र नाही. रानड्यांची १८७८ मध्ये नाशिकला आणि वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या सुमारास १८७९ मध्ये तेथून धुळ्याला बदली झाली, ती या सौम्य लेखणीविषयीच्या संशयापोटीच.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न तरुण गोखल्यांनी रानड्यांना एकदा विचारला होता. सरकार तर दोन ओळींची पोचही नीट देत नाही. त्यावर रानड्यांनी दिलेले उत्तर गोखल्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. हे अर्ज नावापुरते सरकारला उद्देशून असतात, प्रत्यक्षात ते लोकांसाठी असतात, अशा प्रश्नांवर विचार कसा करावा हे लोकांनी त्यांतून शिकावे, असा त्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर मान्य केले तर एक अडचण उरतेच. ज्या लोकांना शिकवायचे, त्यांतील बहुसंख्यांना ते अर्ज ज्या भाषेत होते ती भाषाच येत नव्हती.

एका उपसर्गाचे सामर्थ्य

इंग्रजीत तीव्र गाऱ्हाणे अचूक कसे मांडावे याचा सर्वोत्तम नमुना दादाभाई नौरोजी यांनी घालून दिला. १९०१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे नाव 'पॉव्हर्टी अँड अन्-ब्रिटिश रूल इन इंडिया' असे आहे. येथे 'क्रूर', 'जुलमी', 'अन्यायी' असे कोणतेही विशेषण नाही. राज्य 'अन्-ब्रिटिश' आहे एवढेच म्हटले आहे. राज्यकर्त्याच्या नावालाच नकाराचा उपसर्ग लावून त्याला त्याच्याच मापाने खोटा ठरविण्याची ही युक्ती. या शब्दाला आक्षेप कसा घ्यावा हे इंग्रजाला कळणे कठीण होते. तो नाकारावा तर हिंदुस्थानातील कारभार ब्रिटिश परंपरेला शोभणारा आहे असे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. मान्य करावा तर दादाभाईंचे म्हणणे मान्य होई. १८९२ ते १८९५ या काळात सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पार्लमेंटमध्ये बसलेल्या गृहस्थालाच हे सुचावे, हे स्वाभाविक आहे.

मराठीत हा शब्द आणता येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. 'अब्रिटिश' म्हटल्याने मराठी वाचकाला काहीच लागत नाही. त्याच्या दृष्टीने राज्य ब्रिटिशच होते आणि दुःखाचे कारणही तेच होते.

सन १८९७ : दोन लेखण्या

१८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने, आता टिळकांच्या नेतृत्वाखाली, दुष्काळ संहितेतील शेतकऱ्यांचे हक्क गावोगाव समजावून सांगितले. रानड्यांना अभिप्रेत असलेले लोकशिक्षण प्रथमच खऱ्या अर्थाने मराठीत होऊ लागले. सरकारची प्रतिक्रिया बोलकी आहे. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला उद्देशून लिहिण्याचा कोणताही दावा असलेली संस्था म्हणून सभेला यापुढे मान्यता राहणार नाही. सभेवर बंदी घातली गेली नाही. सरकारने फक्त आपला कान काढून घेतला. ऐकणारा नसेल तर अर्जाची चौकट किती पोकळ ठरते, हे एका ठरावाने उघड झाले.

त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात लष्कराची घरतपासणी झाली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या अत्याचारांविषयी, स्त्रियांवरील अत्याचारांसह, आरोप केले. ते जुलैमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारने आरोप फेटाळले. जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुराव्यानिशी पुढे येण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. आरोप बिनशर्त मागे घेऊन त्यांनी सैनिकांची आणि गव्हर्नरांची जाहीर माफी मागितली. या माफीसाठी पुण्यात त्यांची पुष्कळ निर्भर्त्सना झाली. इंग्रजी लेखनरीतीच्या दृष्टीने मात्र त्यांनी नियमाचे पालन केले होते. जे सिद्ध करता येत नाही ते लिहू नये, आणि लिहिले गेले तर मागे घ्यावे. घराघरांत घडलेल्या गोष्टींचा पुरावा कोणत्या कुटुंबाने चव्हाट्यावर आणावा, हा प्रश्न त्या नियमात बसत नव्हता.

टिळकांचा खटला याच दिवसांतला. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमाखाली अटक झाली. हे कलम १८७० मध्ये संहितेत घालण्यात आले होते आणि सारा वाद त्यातील दोन इंग्रजी शब्दांवर होता. सरकारविषयी 'डिसअफेक्शन' म्हणजे अप्रीती उत्पन्न करणे गुन्हा होता. 'डिसॲप्रोबेशन' म्हणजे सरकारच्या उपायांविषयी नापसंती व्यक्त करणे गुन्हा नव्हता, मात्र कायदेशीर सत्तेची आज्ञा पाळण्याच्या वृत्तीशी ती सुसंगत असली पाहिजे. दोन्ही शब्दांची सुरुवात एकाच उपसर्गाने होते. एकाच्या पाठीमागे तुरुंग होता आणि दुसऱ्याच्या पाठीमागे अर्जाची सारी परंपरा.

न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार आणि दुर्भावनेचा प्रत्येक प्रकार त्यात येतो. या व्याख्येने प्रजेवर प्रीतीचे बंधन घातले. सहा युरोपीय ज्यूरर टिळकांना दोषी म्हणाले, तिघे हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे १८९८ च्या दुरुस्तीने कलमात 'द्वेष' आणि 'तुच्छता' हे शब्द आले, अप्रीतीत द्रोह व शत्रुत्वाच्या सर्व भावना समाविष्ट झाल्या, आणि नापसंतीला जागा ठेवणारी दोन स्पष्टीकरणे जोडण्यात आली. कायदा आता अधिक तपशीलवार झाला होता, अधिक सौम्य मात्र नव्हे.

भाषांतराचा प्रश्न

१९०८ च्या दुसऱ्या खटल्यात हाच पेच आणखी उघडा पडला. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे 'केसरी'तील अग्रलेख मराठी होते. ते गुन्हा ठरले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपात. टिळकांनी वकील न घेता स्वतःचा बचाव केला, सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, आणि भाषांतरातील शब्दांनी मूळ मराठीला नसलेली धार आली आहे असा मुद्दा मांडला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. नव्या राजकीय कल्पनांसाठी मराठीत शब्द घडत आहेत, ते अजून पक्के झालेले नाहीत, तेव्हा शब्दकोशातून एकेक इंग्रजी प्रतिशब्द काढून लेखकाचा हेतू ठरविता येणार नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक गाभा होता. ज्यूरीचा सात विरुद्ध दोन असा निर्णय झाला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. मंडालेचा प्रवास भाषांतरातून झाला, असे म्हटल्यास ती केवळ अलंकारिक भाषा होणार नाही.

शिवराम महादेव परांजपे यांनी 'काळ'मध्ये दुसरी वाट शोधली होती. वक्रोक्तीची. सरकारची स्तुती करीत करीत त्याची लक्तरे काढायची, म्हणजे भाषांतरकाराच्या हाती स्तुतीच लागावी. ही वाट काही वर्षे चालली. १९०८ मध्ये परांजप्यांनाही राजद्रोहाखाली शिक्षा झाली.

इंग्रजीचा दुसरा उपयोग

येथवरचे विवेचन सरकारविरुद्धच्या गाऱ्हाण्यांचे झाले. परंतु ज्यांचे गाऱ्हाणे सरकारइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, सरकार आणि रयत यांच्यामध्ये बसलेल्या वर्गाविरुद्ध होते, त्यांच्या दृष्टीने इंग्रजी अर्जाचे मोल निराळे होते. मराठी तक्रार गावच्या कुलकर्ण्याच्या आणि कचेरीतील कारकुनाच्या हातांतूनच वर जाणार. ती काय म्हणून वर जाईल, जाईल की नाही, हे तेच ठरविणार. इंग्रजी अर्ज हा त्या मधल्या हातांना वगळण्याचा मार्ग होता.

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेले इंग्रजी निवेदन या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील मुख्य मुद्दा. वचन आणि खर्च समोरासमोर ठेवण्याची रानड्यांच्या सभेला परिचित असलेली हीच युक्ती फुल्यांनी त्या सभेच्या वर्गालाच लागू केली. मागणी नेमकी होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक खालच्या वर्गांतून तयार करावेत. 'गुलामगिरी'च्या १८७३ च्या मराठी ग्रंथाला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली होती, त्यामागेही हीच जाण असावी. हेच फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मराठीत जे लिहितात त्याची भाषा पूर्णपणे वेगळी आहे. तेथे प्रार्थना नाही, असूड आहे. एकाच लेखकाने दोन भाषांत दोन स्वर ठेवले आणि दोन्ही खरे ठेवले. या बाबतीत रानडे किंवा गोखले त्यांच्या जवळपासही येत नाहीत.

लष्करातील महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्यावर गोपाळ बाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून हे काम पुढे नेले. १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे इंग्रजी अर्ज गेला. सरकारी नोकरीतील खालच्या जागा, पोलीस आणि लष्कर यांची दारे उघडावीत, ही त्यातील प्रार्थना. पूर्वजांनी केलेल्या लष्करी सेवेचा आधार तिला होता. 'नम्र अर्जदार' हे शब्द येथे वेगळ्याच वजनाने उभे राहतात. ज्यांना गावच्या चावडीत पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, ते थेट लंडनच्या मंत्र्याला उद्देशून लिहीत होते आणि तेच मायने वापरीत होते जे शंकरशेटांनी वापरले. जहालांनी ज्या वाक्याला भीक म्हटले, ते या अर्जदारांच्या हाती बरोबरीची खूण होते. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभारली गेली, युद्धानंतर ती मोडण्यात आली, आणि महार रेजिमेंट अखेर १९४१ मध्ये स्थापन झाली. अर्ज आणि निवारण यांमधील अंतर तीस वर्षांहून अधिक होते.

चौकटीनंतर

महात्मा गांधींनी १८९४ मध्ये नाताळमधील हिंदी लोकांसाठी इंग्रजी अर्ज लिहूनच सार्वजनिक कार्याला आरंभ केला होता. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये मात्र त्यांनी अर्जाची मीमांसा केली. बरोबरीच्या माणसाचा अर्ज हे सौजन्याचे चिन्ह आहे, गुलामाचा अर्ज हे गुलामीचे, आणि मागे बळ नसलेला अर्ज निरुपयोगी, अशा आशयाची ती मांडणी आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या न्यायालयात 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल १२४-अ खाली उभे राहिल्यावर त्यांनी गुन्हा कबूल केला आणि प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही असे सांगितले. स्ट्रेची यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या व्याख्येला दिलेले हे सर्वांत नेमके उत्तर होय. टिळक दोन्ही वेळा आपण अप्रीती पसरविली नाही असे सिद्ध करू पाहत होते. गांधींनी तो शब्दच आपल्या अंगावर घेतला आणि त्यातील भीती काढून टाकली.

स्वतंत्र भारतात हे कलम राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले, परंतु हिंसेस चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याची प्रवृत्ती असेल तेथेच ते लागू होईल असे बंधन घातले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या १५२ व्या कलमात 'अप्रीती' हा शब्द नाही. त्याऐवजी सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांना धोका पोहोचविण्याची भाषा आली आहे.

अर्जाची चौकट मात्र फारशी हललेली नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांनुसार नागरिकाचा अर्ज आजही आदरयुक्त, शिष्ट आणि संयत भाषेत असावा लागतो, आणि त्याच्या शेवटी निश्चित प्रार्थना असावी लागते. नियमांना जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत अर्जाचा नमुना दिला आहे. त्यात 'शोएथ' आहे आणि अर्जदार कर्तव्यबद्ध होऊन सदैव प्रार्थना करीत राहतील हे वाक्यही आहे. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असेल, म्हणजे मराठीतही असेल, तर त्यासोबत हिंदी वा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि त्या भाषांतरावर अर्जदाराला स्वतः सही करावी लागते.